श्रीमंतांचा कर कमी झाला तेव्हा आपला खासदार काय म्हणाला?

दिवाळी झाली की दारव्हा तालुक्यातल्या आमच्या घरात पाहुण्याला टेकायला जागा उरत नाही. समोरच्या खोलीत पार आढ्यापर्यंत कापूस रचलेला असतो. भाव वाढेल या आशेवर तो तिथंच पडून राहतो, लेकरं त्यावर उड्या मारतात आणि घरातल्या सगळ्यांचं अंग खाजत राहतं. परवा सुट्टीला घरी गेले तेव्हा मोठेबाबा त्याच ढिगाला पाठ लावून मोबाइल पाहत बसले होते.

"पाय बरं बाई, हे काय पाठोलं ग्रुपवर? आपल्या खासदाराले हिरवी टिक हाय का लाल फुली, सांग मले. चष्मा सापडून नाई राह्यला."

दहा-बारा पुढाऱ्यांचे फोटो होते आणि प्रत्येकापुढं एक खूण. वर ठळक अक्षरात लिहिलेलं, की कोट्यधीशांचा आयकर ३७ वरून २५ टक्के करायला कोणी मत दिलं ते पाहा. तारीख नाही, विधेयकाचं नाव नाही. पण ३७ आणि २५ हे आकडे पाहून मला ओळख पटली. ही २०२३ च्या अर्थसंकल्पातली गोष्ट. आणि आमच्या यवतमाळ-वाशिमच्या आताच्या खासदारांपुढंही खूण होती. आमच्याकडं खासदार बदलला २०२४ च्या निवडणुकीत. मग २०२३ चं मत त्यांच्या नावावर कसं पडलं?

"म्हन्जे बनावट होय का हे?" मोठेबाबांनी विचारलं.

हो म्हणून मोकळं होता आलं असतं. पण त्यांना खरं जाणून घ्यायचं होतं, आणि मी तालुक्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते, तेव्हा टाळाटाळ करणं बरं दिसलं नसतं. त्या दुपारी त्यांना जे सांगितलं तेच इथं जरा सविस्तर लिहिते आहे.

पहिल्यांदा हे पक्कं करू, की आयकर कमी-जास्त करायला मत देतं कोण. प्रचारात आमदारापासून जिल्हा परिषद सदस्यापर्यंत सगळेच "आम्ही कर कमी केला" म्हणतात, पण राज्यघटनेनं आयकर केंद्राकडं दिला आहे. राज्याकडं फक्त शेतीच्या उत्पन्नावर कर लावायचा अधिकार आहे. म्हणजे आयकरावर मत देतात ते लोकसभेचे ५४३ खासदार. त्यातले विदर्भाचे १०. दर वर्षी अर्थसंकल्पासोबत वित्त विधेयक मांडलं जातं आणि कराचे दर त्यातूनच बदलतात. राज्यसभेत त्यावर चर्चा होते, पण हे धन विधेयक असल्यानं राज्यसभेला ते १४ दिवसांत परत पाठवावं लागतं. तिनं सुचवलेले बदल मानायचे की नाही, हे लोकसभा ठरवते. मार्च २०१७ मध्ये राज्यसभेनं वित्त विधेयकात ५ दुरुस्त्या मतदान घेऊन मंजूर केल्या होत्या. दुसऱ्याच दिवशी लोकसभेनं त्या पाचही फेटाळल्या आणि विषय संपला.

तर लोकसभेत मत कसं दिलं जातं? इथंच खरी अडचण आहे, म्हणून जरा थांबून सांगते.

ग्रामसभेचं इतिवृत्त कधी उघडून पाहिलं असेल तर ही ओळ ओळखीची वाटेल: "सूचक अमुक, अनुमोदक तमुक, ठराव सर्वानुमते मंजूर." नोकरीच्या सुरुवातीला मी ज्या गावात राहत होते, तिथं पाण्याच्या टाकीच्या जागेवरून ग्रामसभेत चांगलीच जुंपली होती. आम्ही पाच-सहा बायांनी उभं राहून, आवाज चढवून विरोध केला. टाकी आमच्या मोहल्ल्यापासून फार लांब पडत होती. दोन महिन्यांनी एका दाखल्यासाठी गेले असता ते रजिस्टर हाती आलं. त्या तारखेखाली निळ्या शाईत लिहिलं होतं, सर्वानुमते मंजूर. आमच्यापैकी एकीचंही नाव नाही, विरोध झाला एवढंसुद्धा नाही. आजही त्या टाकीजवळून जाताना मला ती ओळ आठवते.

लोकसभेत कायदे बहुतेक याच पद्धतीनं मंजूर होतात. त्याला आवाजी मतदान म्हणतात. अध्यक्ष प्रस्ताव वाचतात. बाजूचे "हां" म्हणतात, विरोधातले "ना" म्हणतात. कोणता आवाज मोठा ते अध्यक्ष ठरवतात आणि प्रस्ताव मंजूर झाल्याचं जाहीर करतात. कामकाजाच्या छापील वृत्तांतात एवढीच नोंद उरते, की प्रस्ताव स्वीकृत झाला. कोण "हां" म्हणालं, कोण "ना", कोण गप्प बसलं आणि कोण त्या वेळी उपाहारगृहात चहा पीत होतं, हे त्यातून कोणालाही काढता येत नाही. तक्ते बनवणाऱ्यालाही नाही.

नावानिशी नोंद हवी असेल तर एखाद्या सदस्यानं अध्यक्षांच्या निर्णयाला आव्हान देऊन मतविभाजन मागावं लागतं. मग घंटा वाजते, बाहेरच्या खासदारांना आत यायला साडेतीन मिनिटं मिळतात, आणि प्रस्ताव पुन्हा मतास टाकला जातो. तरीही वाद राहिला तर बाकावरची बटणं दाबली जातात: बाजूनं हिरवं, विरोधात लाल, तटस्थ असेल तर पिवळं. किंवा चिठ्ठ्या वाटल्या जातात. अशा वेळी कोणी काय केलं याची नावानिशी यादी होते. पण त्याच नियमात आणखी एक वाट ठेवली आहे. मतविभाजनाची मागणी विनाकारण आहे असं अध्यक्षांना वाटलं, तर ते सदस्यांना जागेवर उभं राहायला सांगून नुसती डोकी मोजू शकतात, आणि तसं झालं तर नावं नोंदवली जात नाहीत.

घटनादुरुस्तीला ही सवलत नाही. तिला विशेष बहुमत लागतं, म्हणून तिथं मोजणी होतेच. महिला आरक्षणाचं विधेयक सप्टेंबर २०२३ मध्ये लोकसभेत ४५४ विरुद्ध २ असं मंजूर झालं, आणि ते दोघं कोण हे सगळ्या देशाला माहीत आहे. आयकराच्या दराला मात्र साधं बहुमत पुरतं. म्हणून ज्या निर्णयानं माणसाच्या खिशातून पैसे जातात किंवा येतात, त्याच निर्णयावर नावं नसतात. माझं स्पष्ट मत आहे की वित्त विधेयकावरचं शेवटचं मतदान नावानिशी होणं सक्तीचं असावं. साडेतीन मिनिटं घंटा वाजवण्याइतका वेळ त्यासाठी नक्कीच काढता येतो.

आता तक्त्यातल्या त्या ३७ आणि २५ कडं येऊ. ३७ टक्के हा आयकराचा दर नव्हता. वर्षाला ५ कोटींच्या वर कमाई असणाऱ्याला जो कर बसतो, त्या करावर आणखी ३७ टक्के अधिभार होता. म्हणजे ३० टक्के कर, त्यावर ३७ टक्के अधिभार, या दोन्हीवर ४ टक्के उपकर. हिशेब केला तर ४२.७४ टक्के येतात. २०२३ च्या अर्थसंकल्पात नव्या करपद्धतीपुरता (जिच्यात दर कमी, पण जुन्या बहुतेक वजावटी नाहीत) हा अधिभार २५ टक्के केला आणि वरचा दर ३९ टक्क्यांवर आला. समजा एखाद्याचं करपात्र उत्पन्न १० कोटी आहे आणि तो नव्या पद्धतीत आहे, तर त्याचे वर्षाला सुमारे ३७ लाख रुपये वाचले. हे ऐकून मोठेबाबांनी खोलीभर कापसाकडं एकदा पाहिलं आणि काहीच बोलले नाहीत.

हे विधेयक लोकसभेत मंजूर झालं २४ मार्च २०२३ ला. अर्थमंत्री निर्मला सीतारामन होत्या. विरोधी पक्ष अदानी समूहाच्या प्रकरणात संयुक्त संसदीय समिती मागत होते, घोषणा सुरू होत्या, आणि त्या गदारोळातच चर्चेविना, सरकारच्या ६४ दुरुस्त्यांसह, आवाजी मतदानानं वित्त विधेयक पार पडलं. आदल्या दिवशी सुमारे ४५ लाख कोटींच्या खर्चालाही अशीच चर्चेविना मंजुरी मिळाली होती.

म्हणजे कोट्यधीशांचा अधिभार कमी करण्यावर त्या दिवशी नावानिशी मतदान झालंच नाही. सरकार पक्षाच्या खासदारांनी पाठिंबा दिला असं आपण धरून चालतो, आणि ते धरणं चूक नाही. पण विरोधातले जे ओरडत होते, ते अधिभाराविरुद्ध ओरडत नव्हते, त्यांचा मुद्दा वेगळा होता. त्यांच्यापुढं "श्रीमंतांच्या करकपातीला विरोध केला" अशी खूण करणं हेही खोटंच. दोन्ही बाजूंच्या लोकांना हे पटकन पटत नाही, याचा मला अनुभव आहे.

दुसरी गोष्ट व्हिपची, म्हणजे पक्षाच्या आदेशाची. १९८५ मध्ये ५२ वी घटनादुरुस्ती झाली आणि पक्षांतरबंदीची दहावी अनुसूची आली. पक्षानं आदेश काढला आणि खासदारानं परवानगी न घेता त्याविरुद्ध मत दिलं किंवा मतदानाला गैरहजर राहिला, तर पक्षानं १५ दिवसांत माफ केलं नाही तर त्याची खासदारकी जाऊ शकते. त्यात वित्त विधेयक पडणं म्हणजे सरकार पडणं असा संकेत आहे, त्यामुळं तिथं कोणी पक्षाबाहेर पाय टाकत नाही. मग मतविभाजन होऊन यादी मिळाली, तरी एकाच पक्षाच्या दोन खासदारांची मतावरून तुलना करण्यात फारसा अर्थ राहत नाही. ती दोघांची मतं पक्षाचीच असतात. तुलना करायची तर पक्षांची करावी, आणि माणूस ओळखायचा तर तो त्या विषयावर काय बोलला ते वाचावं.

हे सांगताना मोठेबाबांनी मधेच अडवलं. "पन अमेरिकेत तं नावं येतात म्हने?"

येतात. तिथं सिनेटमध्ये आणि प्रतिनिधिगृहात महत्त्वाच्या विधेयकांवर एकेकाचं मत नावानिशी नोंदवलं जातं, आणि पक्षाविरुद्ध मत दिलं म्हणून कोणाचं सदस्यत्व जात नाही. त्यामुळं पुढाऱ्यांची करावरची मतं शेजारी शेजारी मांडून पाहायची रीत तिथं मुरलेली आहे. पण नावं असूनही गोंधळ कसा होतो, याचं एक उदाहरण मी विद्यार्थ्यांनाही सांगते. २००१ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी मोठी करकपात आणली. सर्वांत वरचा दर ३९.६ वरून टप्प्याटप्प्यानं ३५ टक्क्यांवर गेला, आणि सर्वांत खाली १० टक्क्यांचा नवा टप्पाही आला. त्यांच्याच रिपब्लिकन पक्षाच्या जॉन मॅकेन यांनी विरोधात मत दिलं. २००३ मध्ये दुसरी कपात आली, तेव्हाही विरोधात दिलं. ते विधेयक सिनेटमध्ये ५० विरुद्ध ५० असं अडलं आणि उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी यांच्या मतानं पार झालं. पण २००६ मध्ये त्यातल्या काही सवलतींची मुदत वाढवायची वेळ आली तेव्हा मॅकेन बाजूनं गेले. त्या वेळी सिनेटर असलेल्या बराक ओबामांनी विरोधात मत दिलं. पुढं ओबामा राष्ट्राध्यक्ष झाले आणि डिसेंबर २०१० मध्ये त्यांनीच, श्रीमंतांसकट सगळ्यांच्या बुशकाळातल्या सवलतींना दोन वर्षं मुदतवाढ देणाऱ्या कायद्यावर सही केली. त्याच कायद्यात बेरोजगारांच्या भत्त्याची मुदतही वाढवून घेतली होती.

आता मॅकेन श्रीमंतांच्या बाजूचे की विरोधातले? २००१ चं मत घेतलं तर एक उत्तर येतं, २००६ चं घेतलं तर दुसरं. ओबामांचंही तसंच. तक्ता बनवणारा ज्याला हवं ते साल उचलतो.

आणि एका कायद्यात दहा गोष्टी एकत्र बांधलेल्या असतात, हे तर आपल्या शेतकऱ्याला समजावून सांगायची गरजच नाही. बंडीत (बैलगाडीत) खाली कवडी, म्हणजे किडका-डागी कापूस, भरली, वर पहिल्या वेच्याचा पांढराशुभ्र कापूस पसरला, तरी हर्रासीत बोली लागते ती पूर्ण बंडीची. वरचा घेतो आणि खालचा ठेव, असं व्यापाऱ्याला म्हणता येत नाही. खासदाराला वित्त विधेयकाबाबत शेवटी तेच करावं लागतं. २०२३ च्याच विधेयकात पाहा. ५ कोटींवरचा अधिभार त्यात कमी झाला. त्यातच नव्या पद्धतीत ७ लाखांपर्यंत कमावणाऱ्याचा कर शून्य झाला. आणि शेवटच्या दिवशीच्या दुरुस्त्यांमध्ये कर्जरोख्यांच्या म्युच्युअल फंडांवरची जुनी सवलत काढून घेतली. तो भार मुख्यतः पैसेवाल्यांवरच पडला. ज्यानं या विधेयकाला "हां" म्हटलं, त्यानं या सगळ्याला एकदमच "हां" म्हटलं.

बरं, फायदा कोणाला जास्त झाला हे तरी सरळ सांगता येतं का? मी मोठेबाबांपुढं पाठकोऱ्या कागदावर आकडेच मांडले. ७ लाखवाल्याला नव्या पद्धतीत आधी ३२ हजार ५०० रुपये कर होता, उपकर सोडून. तो गेला. म्हणजे त्याच्या कमाईच्या ४.६ टक्के. १० कोटीवाल्याचे सुमारे ३७ लाख वाचले. म्हणजे कमाईच्या ३.७ टक्के. सरकारची बाजू घेणारा टक्केवारी सांगेल, की लहान माणसाला जास्त दिलं. विरोध करणारा रुपये सांगेल, की एकाला ३२ हजार आणि दुसऱ्याला ३७ लाख. दोघांचेही आकडे बरोबर आहेत. मला विचाराल तर रुपये जास्त महत्त्वाचे वाटतात, कारण तिजोरीतून जातात ते रुपये, टक्के नाहीत. तेवढ्याच रुपयांत ७ लाखवाल्या शंभराहून जास्त घरांना ती सवलत देता आली असती. पण हा माझा कल आहे, आणि वाचणाऱ्यानं दोन्ही आकडे समोर ठेवूनच आपलं ठरवावं.

२०२५ ची कपात वेगळी होती. नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंत कर नाही, असं झालं. १२ लाखवाल्याचे ८० हजार वाचले. २५ लाखवाल्याचे १ लाख १० हजार. त्याच्या वर कितीही कमाई असो, मूळ करात वाचणारी रक्कम तीच १ लाख १० हजार. ५ कोटीवाल्याचा अधिभार-उपकर धरला तरी दीड लाखाच्या आत. म्हणजे ही कपात नोकरदार मध्यमवर्गाची होती, अतिश्रीमंतांची नव्हती. २०२३ ची आणि २०२५ ची कपात एकाच अर्थमंत्र्यांची. आणि तो ३७ टक्क्यांचा अधिभारही जुलै २०१९ मध्ये त्यांनीच लावला होता. लावणारेही तेच, कमी करणारेही तेच.

जरा मागं गेलं तर हे कोणा एका पक्षाचं काम नाही हे दिसतं. १९७३-७४ मध्ये २ लाखांवरच्या उत्पन्नावर अधिभारासह ९७.७५ टक्के कर होता. शंभरातले सव्वादोन रुपये हाती. तिथून उतरण सुरू झाली. १९८५ मध्ये राजीव गांधींच्या सरकारात विश्वनाथ प्रताप सिंह अर्थमंत्री असताना वरचा दर ५० टक्क्यांवर आला आणि मृताच्या मालमत्तेवरचा संपदा शुल्क नावाचा करही गेला. १९९७ मध्ये संयुक्त आघाडीच्या सरकारात पी. चिदंबरम यांनी तो ४० वरून ३० वर आणला. २०१५ मध्ये अरुण जेटली यांनी संपत्ती कर रद्द केला आणि त्याऐवजी १ कोटीवर कमावणाऱ्यांचा अधिभार २ टक्क्यांनी वाढवला. काँग्रेस, संयुक्त आघाडी, भाजप, तिघांच्याही काळात वरचे कर उतरले आहेत. ज्याला फक्त एकाच पक्षापुढं लाल फुली मारायची आहे, त्याला ही वर्षं वगळावी लागतात.

मग काही निर्णय असे असतात, की त्यावर आधी मत घेतलंच जात नाही. २० सप्टेंबर २०१९ ला कंपन्यांचा मूळ कर ३० वरून २२ टक्के केल्याचं जाहीर झालं. वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींचा महसूल सुटेल असं सरकारनंच सांगितलं. हे झालं अध्यादेशानं. संसदेनं त्याचं विधेयक मंजूर केलं डिसेंबरमध्ये, म्हणजे निर्णय लागू होऊन अडीच महिने उलटल्यावर.

आणि आमच्या घरातल्या ढिगाशी ज्याचा थेट संबंध आहे तो निर्णय तर अध्यादेशानंही नाही, साध्या अधिसूचनेनं झाला. परदेशातून येणाऱ्या कापसावर ११ टक्के शुल्क होतं. १९ ऑगस्ट २०२५ पासून ते काढलं, आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग मुदत वाढवून ३१ डिसेंबरपर्यंत. अमेरिकेनं लावलेल्या जबर आयातशुल्कामुळं अडचणीत आलेल्या कापड उद्योगाला स्वस्त कापूस मिळावा, हे कारण. नेमका त्याच काळात विदर्भाचा कापूस वेचून घरात येतो. या निर्णयावर एकाही खासदाराला मत द्यावं लागलं नाही. अधिसूचनेचा कागद संसदेच्या पटलावर ठेवला जातो, एवढंच. तेव्हा खासदारानं कापसासाठी काय केलं हे मतांच्या यादीत शोधून सापडणारच नाही. त्यानं प्रश्न विचारला का, मंत्र्यांना पत्र लिहिलं का, सभागृहात उभा राहिला का, हेच पाहावं लागेल.

इथवर आल्यावर मोठेबाबांनी मूळ प्रश्न टाकला. "आपन इन्कम टॅक्स भरतच नाई तं आपल्याले काय करा लागते त्याच्याशी?"

हा प्रश्न गावात नेहमी येतो. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, हे खरं. पण रासायनिक कीटकनाशकाच्या डब्यावर १८ टक्के जीएसटी आपण भरतोच. तो तर १० कोटीवाल्यालाही तेवढाच आणि दोन एकरवाल्यालाही तेवढाच. सरकारला पैसे लागतात ते वरून कमी आले तर दुसरीकडून येतात, किंवा खर्च कमी होतो.

त्यात आणखी एक बारकावा आहे. पंधराव्या वित्त आयोगाच्या हिशेबानं २०२१-२२ ते २०२५-२६ या काळात केंद्राच्या मूळ करातला ४१ टक्के वाटा राज्यांना ठरला होता, आणि त्यात महाराष्ट्राचा हिस्सा ६.३१७ टक्के. म्हणजे त्या हिशेबानं मूळ कर १०० रुपयांनी कमी झाला तर त्यातले सुमारे २ रुपये ६० पैसे मुंबईच्या तिजोरीतून कमी होत. आमचे रस्ते, आमची प्राथमिक आरोग्य केंद्रं, आमच्या सिंचनाचे पैसे तिथून येतात. अधिभार आणि उपकर मात्र राज्यांना वाटायचे नसतात, ते पूर्ण केंद्राचे. म्हणून २०२३ मध्ये कोट्यधीशांचा अधिभार कमी झाला तेव्हा महाराष्ट्राचा वाटा घटला नाही, आणि २०१९ मध्ये कंपन्यांचा मूळ दर उतरला तेव्हा त्याची झळ राज्यांनाही बसली. कोणत्या करकपातीला कोणी पाठिंबा दिला हे विचारताना ती मूळ करातली की अधिभारातली, एवढं विचारलं तरी बरंच काही कळतं. टीव्हीवरच्या चर्चेत हे मी एकदाही ऐकलेलं नाही.

तर असा तक्ता पुन्हा आला तर काय करायचं? आधी तारीख आणि विधेयकाचं नाव शोधायचं. नसेल तर पुढं पाठवायचा नाही. तारीख मिळाली तर लोकसभेच्या संकेतस्थळावर त्या दिवसाचा कामकाजाचा वृत्तांत मिळतो. मतविभाजन झालं असेल तर त्यात नावं असतात. नसतील तर ते आवाजी मतदान होतं, आणि मग त्यावरच्या हिरव्या-लाल खुणा कोणीतरी आपल्या मनानं मारल्या आहेत. पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च ही संस्था प्रत्येक खासदाराची हजेरी, प्रश्न आणि चर्चेतला सहभाग मांडते. मंत्र्यांची हजेरी मात्र त्यात नसते. गैरहजर असणं आणि विरोध करणं यांत फरक आहे, आणि सभात्याग करणं हे तिसरंच काहीतरी आहे, हेही ध्यानात ठेवावं लागतं.

मी मोबाइलवर २४ मार्च २०२३ चा वृत्तांत शोधून त्यांच्या हातात दिला. तोवर चष्मा सापडला होता, उशीखाली. त्यांनी बोटानं पानं सरकवत सरकवत पाहिलं. बराच वेळ.

"नावं नाईच ना," ते म्हणाले.

मग त्यांनीच सुचवलं की खासदारांना पत्र लिहू. मी वही घेतली. पुढच्या वित्त विधेयकावर तुम्ही मतविभाजन मागाल का, आणि ५ कोटींवर कमावणाऱ्यांच्या अधिभाराबद्दल तुमचं स्वतःचं मत काय, असे दोन प्रश्न लिहून त्यांना वाचून दाखवले. त्यांनी ऐकून घेतलं आणि वहीचं पान माझ्याकडून ओढून उलटं केलं.

"हे राहू दे, हे बी पाठोजो. पन पयले कापसाचं लेहून घे. ते अकरा टक्के काढले तेव्हा यायनं कोनाले इचारलं, ते पयल्या नंबरवर."